घाबरू नका, आधी सुई वर घ्या

छत्री उघडत नव्हती आणि ऑफिसला उशीर होत होता. बसथांब्याच्या आडोशाला उभी राहून ती छत्रीचं बटण पुन्हा पुन्हा दाबत होती, मनातल्या मनात तिला शिव्या घालत होती... आणि शेजारचा एक उंच, अर्धा भिजलेला माणूस हे सगळं टक लावून बघत होता. मदत नाही, काही नाही. नुसता बघत होता!

"तमाशा चाललाय का इथे?" ती फणकारली.

"नाही हो. कुठे अडलंय असं वाटतं तुम्हाला?"

"ते कळलं असतं तर भिजत उभी राहिले असते का?"

तो हसला. काडीत अडकलेला कापडाचा कोपरा त्याने अलगद सोडवला आणि छत्री फटकन उघडली. पण ती आभार मानायचंच विसरली. कारण तो आवाज — जरासा घोगरा, वाक्याच्या शेवटी हसणारा — तिने नक्की कुठेतरी ऐकला होता.

आवाजाच्या बाबतीत ती चुकत नसे. शिवणयंत्रं बनवणाऱ्या कंपनीत फोनवर बसून ती दिवसभर लोकांची रडगाणी ऐकायची. धागा तुटतो, सुई मोडते, खालचा दोरा वर येत नाही. ऑफिसात तिला सगळे तक्रारताईच म्हणत. पण हा आवाज नेमका कुणाचा, ते काही आठवेना.

ऑफिसात पोचून ती टेकते न टेकते तोच साहेबांनी त्याच माणसाला तिच्यापुढे आणून उभं केलं. "हे आपल्या वेबसाइटचं होम पेज नव्याने करणार आहेत. लोकांना तिथे काही सापडत नाही म्हणे. इथेच बसतील."

इथेच म्हणजे तिच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर. तिथे पूर्वी तिची मैत्रीण बसायची. मागे असाच एक गोडबोल्या सुधारणा करायला आला, मैत्रिणीकडून सगळं काम शिकून घेतलं आणि मग ते काम कॉम्प्युटर करायला लागला. मैत्रीण घरी बसली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि हा तर दुसरं दूधच होता! लोकांना सगळं पानावरच सापडलं तर फोन कोण करणार? फोनच वाजला नाही तर तक्रारताई हवी कशाला? आई आणि ती, दोघींचं घर तिच्याच पगारावर चालायचं.

त्याची कामाची तऱ्हाही संशय यावा अशीच होती. रोज कुणाला तरी धरून आणायचा — कधी कोपऱ्यावरची शिंपीण, कधी निवृत्त शिक्षिका — आणि स्क्रीनसमोर बसवून म्हणायचा, "खालचा दोरा वर येत नाहीये असं समजा. या पानावर उपाय शोधा. मनात येईल ते मोठ्याने बोला." मग स्वतःच्या तोंडाला कुलूप. पानावर काय, तर साहेबांचा हसरा फोटो, कारखान्याची इमारत आणि एकामागून एक सरकणारी पारितोषिकं. शिक्षिका बिचारी पारितोषिकं संपायची वाट बघत बसली.

"अहो बाई, ते खाली डावीकडे—" तिला राहवलं नाही.

"श्श..." तो तिच्या कानाशी वाकून म्हणाला. "मदत करायची नाही. आपण सांगितलं तर पान कुठे चुकतंय ते कळणार कसं?"

"आणि त्यांनी विचारलं तर?"

"तर म्हणायचं, तुम्हाला काय वाटतं?"

हे त्याचं पालुपदच होतं. चहा घेणार का म्हटलं तरी, तुम्हाला काय वाटतं!

"घरी कोण कोण असतं तुमच्या?" तिने एकदा अगदी सहज विचारलं. (सहज म्हणजे आदल्या दिवसापासून ठरवून.)

"तुम्हाला काय वाटतं?"

"बायको असेल. भांडकुदळ."

"भांडकुदळ का बरं?"

"कधी सरळ उत्तर न देणाऱ्या माणसाची बायको दुसरी कशी होणार?"

तो इतका हसला की पलीकडच्या टेबलावरच्यांनी माना वळवल्या. मग हळूच म्हणाला, "नाहीये. म्हणजे... अजून तरी."

तिचे कान तापले. सावध हो बाई, तिने स्वतःला बजावलं, केसाने गळा कापणारे असेच असतात. घरी आईसमोर तिने त्याचा पाढा वाचला, तेव्हा आई शांतपणे म्हणाली, "ज्याच्यावर एवढा संशय, त्याच्याशिवाय दुसरा विषय कसा गं निघत नाही तुझ्या तोंडून?"

आणि मग त्याने नव्या पानाचा आराखडा भिंतीवर लावला. साहेबांचा फोटो गेला होता. त्या जागी मोठ्या अक्षरात प्रश्न होता, 'काय अडलंय?', आणि खाली धाग्या-सुईची चार चित्रं. फोन नंबर मात्र कुठेच नव्हता. तिने पुन्हा वरून खालपर्यंत शोधला. पहिल्या चित्राखालची ओळ वाचली, तेव्हा तर ती जागीच थिजली.

'घाबरू नका, आधी सुई वर घ्या. आणि मशीनवर रागावू नका, तिला कळतं.'

सुई वर घ्यायला ती सगळ्यांनाच सांगायची. पण ते मशीनवर न रागावण्याचं तिने आयुष्यात एकाच माणसाला सांगितलं होतं. मावशीच्या मशीनला लाथ मारून बसलेल्या, मागे काही दिवस दर दुपारी फोन करणाऱ्या एका घोगऱ्या आवाजाला!

"मावशीची मशीन कशी आहे?" तिने विचारलं.

त्याच्या हातातली पेन्सिल थांबली. "...बरी आहे."

"परीक्षा घेत होतात माझी?"

"सुरुवातीचे फोन कामाचे होते. फोन करणाऱ्याला काय ऐकायला मिळतं ते बघायचं होतं."

"आणि नंतरचे?"

"तुम्हाला काय—"

"खबरदार!"

त्याने पेन्सिल खाली ठेवली. "दोरा केव्हाच वर आला होता. पण तुमचा आवाज ऐकल्याशिवाय... दुपार सरत नव्हती."

तिच्या काळजाने उडी मारली. तिने काळजाला दटावून खाली बसवलं. "आणि माझा नंबर कुठे गेला?"

"साहेबांनी काढायला लावला. फोन कमी हवेत त्यांना. खूप भांडलो, ऐकत नाहीत. वर उजवीकडे जागा मोकळी ठेवलीय, बघा."

"मोकळ्या जागेवर माझं घर चालत नाही."

"उद्या स्क्रीनसमोरच्या त्या खुर्चीत साहेब बसणार आहेत. तुम्हीही या. फक्त काही झालं तरी मदत करू नका."

विश्वास ठेवावा असं त्यात काहीच नव्हतं. तरी ती गेली.

"मशीनमधून जळका वास येतोय असं समजा, साहेब," तो म्हणाला आणि गप्प झाला.

साहेबांनी चारही चित्रं उघडून बघितली. वर गेले, खाली आले, घामाघूम झाले. "अरे, मशीन जळतेय आणि मी चित्रं बघत बसू? फोन कुठे करायचा?" त्याच्याकडून उत्तर नाही म्हटल्यावर ते तिच्याकडे वळले. "तक्रारताई, तू तरी सांग!"

तिने त्याच्याकडे बघितलं. तो छताकडे बघत होता.

"तुम्हाला काय वाटतं, साहेब?"

साहेब लाल झाले. मग खुर्ची मागे सारून पुटपुटले, "वर. उजवीकडे. मोठ्या अक्षरात टाका तो नंबर. आणि ताई, तू जागची हलू नकोस."

नवीन पान सुरू झालं त्या संध्याकाळी त्याने आपली पिशवी आवरली. "येतो," एवढंच म्हणाला आणि गेला. बघ, ती स्वतःशीच म्हणाली, गरज सरो नि वैद्य मरो. डोळे उगाच चुरचुरत होते. तेवढ्यात फोन वाजला.

"नमस्कार. काय अडलंय?"

"नंबर लगेच सापडला," घोगरा आवाज म्हणाला. "एका बाईंना सांगायचंय, की मला त्या फार आवडतात. समोर बसून रोज ठरवायचो, पण... शब्द वर येत नाहीत."

"घाबरू नका," ती म्हणाली. तिचाच आवाज कापत होता. "हा फोन कामाचा की बिनकामाचा?"

"तुम्हाला काय वाटतं?"

फोनमधून पाऊस ऐकू येत होता. ती फोन घेऊन खिडकीशी गेली. खाली बसथांब्यावर फोन कानाला लावलेला उंच माणूस उभा होता. आडोसा सोडून, चांगला पावसात. तो तिच्याच खिडकीकडे बघत होता. असं निथळत उभं राहून कोणी खोटं बोलत असेल? बोलतही असेल, ती मनाशी म्हणाली. पण पाय जिन्याकडे निघाले होते.

खाली आल्यावर छत्री पुन्हा अडली. ती बटण दाबत राहिली आणि तो रस्त्यापलीकडून टक लावून बघत राहिला.

"आता नुसतं बघत काय बसलात?" ती पावसातून ओरडली. "मदत करा ना!"

तो धावत रस्ता ओलांडून आला.