लाल पट्ट्याच्या मुली

प्रार्थना संपली आणि मुलींच्या मनगटावरचे पट्टे उजळले. सातपुड्यातल्या त्या आश्रमशाळेत आता परीक्षा नव्हती. घामातली रसायनं वाचून हे क्षमतापट्टेच मुलींची हुशारी ठरवत. हिरव्या पट्ट्याच्या मुली विज्ञानाच्या वर्गात, लाल पट्ट्याच्या पाकिटं चिकटवायच्या शेडमध्ये.

जेमा पावराचा पट्टा लाल झाला. विज्ञान शिकवणाऱ्या सुलक्षणाबाई चकित झाल्या. फळ्यावरचं अवघड गणित पोरीनं कालच चुटकीसरशी सोडवलं होतं. मग मात्र बाकावरच झोपली होती. बाईंनी तिची खालची पापणी ओढून पाहिली. आत पांढरंफटक.

"माती खातेस का गं?"

"भिंतीची," जेमा पुटपुटली. "बरी लागते."

बाईंनी तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. शौचाच्या तपासणीत अंकुशकृमीची अंडी सापडली.

"हे जंत आतड्याला चिकटून रक्त पितात," डॉक्टर म्हणाले. "रक्ताबरोबर लोह जातं. लोहाशिवाय मेंदूला डोपामिन नीट बनवता येत नाही. मग लक्ष लागणार कसं? पट्टा खोटं बोलत नाही, बाई. पण त्यानं मोजले ते जंत, मुलगी नव्हे."

शाळेच्या संडासांना पाणी नव्हतं. मुली अनवाणी ओढ्याकाठी जात आणि तिथल्या ओल्या मातीतून अळ्या पायांत शिरत. नळाला पैसे नव्हते, पट्ट्यांना होते! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

डॉक्टरांना शाळेत आणून त्यांनी सगळ्या लाल मुलींना जंतांचं औषध आणि लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. दिवाळीपर्यंत पट्टे एकेक करून हिरवे होऊ लागले.

मग क्षमता विभागाचे पेंढारकर साहेब आले.

"बाई, तुम्ही निकालात ढवळाढवळ केलीत."

"मी औषध दिलं, साहेब."

"तेच म्हणतोय. नैसर्गिक क्षमता बदलली. पहिलंच वाचन ग्राह्य धरू."

"नैसर्गिक?" बाईंचा आवाज व्हरांड्यात घुमला. "लेकरांचं रक्त किड्यांना पिऊ द्यायचं आणि वर त्याला निसर्ग म्हणायचं? एकही मुलगी शेडमध्ये जाणार नाही. मला काढायचं तर खुशाल काढा!"

"काढूच," म्हणत साहेब गाडीत बसले.

दाराआडून सगळं ऐकणारी जेमा पुढे आली. "बाई, माझ्या रिमलाताईला मागेच शेडमध्ये धाडलं. नंतर तिचं लग्नही लावून दिलं. तिच्याही पोटात जंतच होते का?"

बाईंनी तिला जवळ घेतलं. अशा किती रिमला असतील, आणि त्यांची गेलेली वर्षं आता कुठल्या औषधानं परत येणार होती?