एलाडियोचा चामडी दोर

ओटिस ओढ्याकाठी पालथा पडला होता. वासरं राखणारा म्हातारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. गळ्यात फास टाकून त्याला घोड्यामागून फरफटवलं होतं. कुंपणातली वासरं गायब होती.

फास एलाडियोच्या दोराचा होता. वायोमिंगच्या त्या कोपऱ्यात कच्च्या चामड्याचा विणलेला दोर एकट्या त्या मेक्सिकन गुराख्याकडेच होता. दोर मधेच तुटला होता. उरलेला तुकडा जवळच पडला होता, टोकाला करकचून मारलेली गाठ.

"आता आणखी काय बघायचंय, वहिनी?" मुकादम एझ्रा टटल म्हणाला. "शेरीफची वाट कशाला बघायची? झाड इथंच आहे."

लविनिया या रँचची मालकीण. नवऱ्यानं मरताना रँच आणि बायको, दोन्ही एझ्राच्या, आपल्या टेक्ससच्या दोस्ताच्या, भरवशावर सोडली होती. आणि एलाडियो? तिला दोर टाकायला शिकवता शिकवता तो कधी मनात जाऊन बसला, तिचं तिलाच कळलं नव्हतं. हे त्याला अजून सांगायचंच राहिलं होतं.

ती धावत कोठारात गेली. एलाडियोला तिथं खांबाला बांधलं होतं.

"दोर कुठं ठेवला होतास?"

"खोगिरावर. कुणीही उचलला असेल."

"आणि तू रात्री?"

"झोपलो होतो, मालकीणबाई. साक्षीला कुणी नाही."

"खोटं बोलू नकोस रे! ते फांदीवर दोर टाकतायत!"

"मरायच्या वेळी खोटं कशाला बोलू?"

तिची नजर त्याच्या हातांवर गेली. उजवा अंगठा नव्हता. खोगिराच्या मुठीवरच्या दोराच्या वेढ्यात सापडून तुटला होता. "गाठ मारली असतीस तर वाचला असता," एझ्रा नेहमी खिजवायचा. एलाडियो म्हणायचा, "चामडं हिसका सोसत नाही, बाबा. वेढा द्यायचा, जनावरानं ओढलं की सैल सोडायचा."

लविनिया ताडकन वळली. एलाडियोचा दुसरा चामडी दोर घेऊन ती बाहेर आली आणि तो एझ्राच्या हातात दिला.

"भावजी, त्याला त्याच्याच घोड्यावर बसवून लटकवा. घोडा तेवढा धरून आणा."

"हे बोललात वहिनी!" एझ्रा हसला. घोड्यावर बसून त्यानं दोराचं टोक खोगिराच्या मुठीला करकचून बांधलं आणि फास फेकला. एलाडियोचा घोडा उधळला. दोर फाटकन तुटला.

गवत कापणारे दोघे गडी बघतच राहिले.

"ती गाठ बघा," लविनिया म्हणाली. तिनं एझ्राच्या खोगिराच्या मुठीकडे बोट दाखवलं. "ओटिसजवळ हीच होती. माझ्याखेरीज इथं दोर टाकता येतो तो दोघांनाच. एलाडियो चामड्याला जन्मात गाठ मारणार नाही. तुम्हाला वासरं चोरून नेताना ओटिसनं पाहिलं, भावजी. म्हणून म्हाताऱ्याला मारलंत आणि दोर मुद्दाम एलाडियोचा वापरलात."

एझ्राचा हात पिस्तुलाकडे गेला. तो पोचायच्या आधीच एका गड्याची बंदूक त्याच्या छातीला लागली.

"माझ्या घामावर उभाय हा रँच!" तो ओरडला. "आणि तू त्या परक्याकडे बघून हसतेस!"

"भाऊ मानलं होतं रे तुला मी."

गड्यानं झाडावरच्या फासाकडे पाहिलं. "याला चढवू?"

"नाही. शेरीफ येऊ दे."

कोठारात एलाडियोचे दोर कापताना तिला रडू आवरेना. "थोडा उशीर झाला असता तर मी काय केलं असतं रे?"

"अंगठा गेला तेच बरं झालं, मालकीणबाई."

"आता तरी मालकीणबाई म्हणू नकोस," ती म्हणाली, आणि त्याचा तो हात तिनं गालाशी धरून ठेवला.