खांबाला बांधलेली गाडी

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण यातलं काहीही मी पदरचं घातलेलं नाही. आईने डोळ्यांनी पाहिलं, तेच सांगतोय.

साल १९५६. दिवाळीच्या तोंडावरची संध्याकाळ. पांढुर्ण्यातल्या कापसाच्या एका जिनाचं आवार.

कापूस येईपर्यंत ते आवार रिकामं असायचं. तिथे छोट्या गाड्यांच्या शर्यती व्हायच्या. हातभर लांबीची गाडी, तिला चिमुकलं इंजिन. मधल्या लोखंडी खांबाला पोलादी तारेने बांधली की ती भन्नाट वेगाने गोल फिरायची. स्वातंत्र्यानंतरच्या वर्षी रेल्वेतले फिटर रघुनाथराव यांनी पहिली गाडी बनवली आणि गावाला वेड लावलं. पार नागपूरचे लोक यायचे.

सुरुवातीला तार ताणून धरायला एक जण खांबापाशी उभा राहायचा. तार गुडघ्याच्या उंचीवर फिरायची. गाडी थांबेपर्यंत त्याला बाहेर येता येत नसे.

आधी गाडीच्या मालकाचं नाव पुकारायचं. खांबापाशी असेल त्याने मालकाच्या वतीने "आलो" म्हणायचं. मगच गाडी सोडायची.

त्या श्रावणात रघुनाथराव तापाने गेले. आता राज्यांच्या पुनर्रचनेत नागपूरही दुसऱ्या राज्यात चाललं होतं. शर्यती मोडणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

त्यांची बायको कलाबाई म्हणाली, "एक डाव त्यायची गाडी फिरवा जी."

खांबापाशी माझे वडील उभे राहिले, प्रभाकर. आई तेव्हा नवी नवरी होती.

गाडी सोडणाऱ्या भिवाजीने सवयीने पुकारलं, "रघुनाथराव!"

वडीलही सवयीनेच बोलून गेले...

"आलो!"

गाडी सुटली.

टाकीत तेल ते केवढंसं! ते कधीच संपायला हवं होतं. गाडी थांबेना. भिवाजीने लांब झाडूने गाडीवरची कळ पाडली.

इंजिन बंद पडलं. आवाज थांबला.

गाडी मात्र... पळतच होती.

नुसती तारेची सणसण.

"भिवाजी, थांबव ना बे! मले बाहेर काढ!"

"थांबून नाही राहिली भाऊ! काय करू?"

आई धावली. भिवाजीने तिला धरलं. "वहिनी, पाय कापून जाईन!"

अंधारून आलं. वडिलांच्या हाका बारीक होत गेल्या. मग...

हाका बंद झाल्या.

आईने कलाबाईचे पाय धरले. "वहिनी, तुम्ही म्हणा ना त्यायले! माझ्या माणसाले सोडा म्हणा!"

कलाबाईने हात जोडले. बिचारीला दुसरं काय सुचणार?

"अहो... सोडा त्याले. या आता घरी."

तार ढिली पडली. गाडी थांबली.

वडील चालत बाहेर आले. आई रडत पुढे झाली. ते तिच्या बाजूने निघून गेले...

कलाबाईसमोर जाऊन उभे राहिले.

"कला, भूक लागली."

कलाबाई किंचाळत पळाली. त्याच आठवड्यात ती सौसरला भावाकडे गेली, ती परत आली नाही.

आईने त्यांचा हात धरून घरी आणलं. दुसरं करणार तरी काय? ते जगले, नोकरी केली, सगळ्यांशी नीट वागले. घरात त्यांना नेहमी पाहुण्यासारखं अवघडलेलं वाटायचं, एवढंच.

मी त्यानंतर दोन वर्षांनी जन्मलो.

आईच्या शेवटच्या आजारात मी विचारलं, "आई, त्या दिवशी बाहेर कोण आलं होतं?"

तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. बराच वेळ निरखत राहिली, तिच्या माणसाचं काही सापडतंय का म्हणून.

मग हात काढून घेतले.