दोन ग्रॅम कमी

सातव्या वखारीतही "आबनुसाचं काळं लाकूड? छे हो, आता मिळतंय कुठे!" हेच ऐकून ती तणतणत वळली, ती थेट मागे उभ्या असलेल्या माणसावर आदळली.

"माझ्या बागेत आहे," तो हनुवटी चोळत म्हणाला. "वादळात फांदी पडलीय. पण ओली आहे हं... वर्षभर थांबावं लागेल."

थांबणार आणि ती! लेथवर लाकडी डब्या घडवणारी ही पोरगी. हात सोन्यासारखा, पण धीर कशाशी खातात ते ठाऊक नाही. बाबांनी जाण्याआधी घडवलेल्या शेवटच्या डबीचं आबनुसाचं झाकण हिच्याच हातून फुटलं होतं. आईनं नुसते तुकडे पदरात गोळा केले होते, आणि तेच तिला खात होतं. तिनं हट्टानं ओलाच तुकडा नेला, झाकण घडवलं. आठवड्यात ते तडकलं.

तोंड पाडून परत गेली, तर त्यानं फळीवरून दुसरा तुकडा काढला. तडकू नये म्हणून टोकांना मेण, वर तारीख.

"तुम्ही घाई करणार, माहीत होतं. महिन्यातून एकदा वजन करायचं. घटायचं थांबलं की लाकूड वाळलं."

मग काय, दर पहिल्या रविवारी बाईसाहेब हजर! ती काटा वाचायची, तो कानामागची पेन्सिल काढून लाकडावर आकडा लिहायचा.

"आज उशीर?"

"वाट पाहत होतात वाटतं?"

"मी नाही... लाकूड."

दहाव्या महिन्यात वजन घटलंच नाही. आता यायचं निमित्तच संपलं की!

"दोन ग्रॅम कमी," ती बेधडक म्हणाली. पुढच्या महिन्यातही तेच. त्याच्या पुढच्याही.

मग एका सकाळी आई दिसली. धूळ बसू नये म्हणून उघड्या डबीवर रुमाल पसरत होती. लेकीला स्वतःचीच लाज वाटली. तशीच निघाली.

"मी खोटं बोलले," ती दारातूनच म्हणाली. "लाकूड केव्हाच वाळलंय."

"तीन महिने झाले. मी रोज वजन करतो."

"अहो, मग लिहीत का राहिलात?"

"तुम्ही... सांगत होतात ना," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

त्या लाकडाचं नवं झाकण चपखल बसलं. आईनं ते तीनदा उघडलं, तीनदा लावलं, डोळे पुसले. "अगं, ज्यानं हे लाकूड जपलं त्याला घरी आण. आभार नकोत मानायला?"

निरोप घेऊन ती गेली खरी, पण त्याच्यासमोर निरोप बाजूलाच राहिला. "माझ्यासाठी थांबलात... फार मोठे उपकार झाले हो."

त्यानं मेण लावलेला एक जाडजूड ओंडका पुढे केला. "याला सात वर्षं लागतील."

"बाप रे! सात वर्षं मी येत राहू?"

"नको ना... इथेच राहिलात तर?"

तिनं त्याच्या कानामागची पेन्सिल काढली, आणि ओंडक्यावर आजची तारीख लिहिली.