मयताच्या नावावर आलेला टीव्ही

यातलं एक अक्षरही मनचं नाही. सांजवात लावून, देवासमोर बसून लिहिते आहे. ज्याला पटणार नाही त्यानं सोडून द्यावं.

ठिकाण नगरमधलं सावेडी. तिसऱ्या मजल्यावरचा नवा फ्लॅट. दोन वर्षांपूर्वीची, कार्तिकातली बुधवारची संध्याकाळ.

घरात एकटी रुपाली होती. माझी धाकटी बहीण.

तिचा नवरा अजिनाथ शारजाला, एका बांधकाम कंपनीत. घराला रंग देऊन झाला, पडदे आले, पण हॉलची मोठी भिंत मोकळीच होती. अजिनाथनं बजावलं होतं, "तिथल्या दुकानात पाय ठेवू नकोस. हाच टीव्ही इकडं निम्म्यात मिळतो. मी पाठवतो."

टीव्ही स्वस्त खरा, पण बोटीनं पाठवला की वर कस्टमची ड्युटी. मग स्वस्ताई राहते कुठं? म्हणून तो संधीची वाट बघत राहिला.

आणि त्याच्या खोलीतला आसाराम गेला.

आसाराम तिसगावचा. तिशीतला. जेवून झोपला तो सकाळी उठलाच नाही. देह विमानानं आला, गावाकडं अग्नी दिला. सामान मात्र तिकडंच राहिलं.

तेव्हा माल पाठवणाऱ्या एका एजंटनं अजिनाथच्या कानात सांगितलं, "मयताचं सामान म्हणून पेटी पाठव. ड्युटी लागत नाही, कुणी उघडूनही बघत नाही."

अजिनाथनं आसारामच्या आईला, गोजरबाईंना फोन लावला. "मावशी, सामान माझ्या सावेडीच्या घरी पाठवतो. तिथून घेऊन जा."

"लई उपकार झाले रं बाबा," म्हातारी रडत म्हणाली.

सोमवारी टेम्पोतून लाकडी पेटी आली. पेटीवर आसारामचं नाव.

आत पंचावन्न इंची टीव्ही.

त्याला धक्का लागू नये म्हणून चारी बाजूंनी कपडे कोंबलेले. आसारामचं ब्लँकेट. दोन शर्ट. एक लुंगी. आणि एक उशी, हातानं शिवलेली. तिच्यावर तेलाचा डाग होता.

डोक्याचा.

रुपालीनं हात मागं घेतला. मला फोन केला. शुक्रवारी तिची वास्तुशांत होती. मी पटकन म्हणाले, "मयताचे कपडे? नव्या घरात? दारातसुद्धा ठेवू नकोस. काढून टाक आणि डोक्यावरून अंघोळ कर."

"अगं ताई, त्याच्या आईला द्यायचेत."

"तिला तरी कशाला? बघून जीवच जळेल तिचा."

मीच म्हणाले हे. माझ्याच तोंडानं.

मंगळवारी सकाळी रुपालीनं गाठोडं बांधून घंटागाडीत टाकलं.

बुधवारी माणूस येऊन टीव्ही भिंतीला टांगून गेला. बाकीची जोडणी उद्या करतो म्हणाला.

दिवेलागणीला रुपाली स्वयंपाकघरात वाती वळत होती. तेवढ्यात...

कुणीतरी खोकलं.

हॉलमध्ये.

तिला वाटलं, शेजारचे काका जिन्यात असतील. ती वाती वळत राहिली.

"आये... आवाज येतोय का?"

फोनची रेंज नसल्यावर येतो ना, तसा तुटक आवाज. पण पुरुषाचा. ती हॉलमध्ये आली. दाराला आतून कडी होती. तिचा मोबाईल टेबलावर होता, स्क्रीन बंद.

टीव्हीची वायर खाली लोंबत होती... प्लग फरशीवर पडलेला.

"आये... मी दिसतोय का?"

काळ्या काचेत रुपाली दिसत होती. फक्त रुपाली.

मग सगळं शांत.

तिनं अजिनाथला फोन लावला. ऐकून त्यानं आधी तिकडं किती वाजले ते विचारलं.

"आत्ताच सात वाजून गेले. का हो?"

"आसाराम रोज तुमच्याकडच्या सातला आईला व्हिडिओ कॉल लावायचा," तो हळूच म्हणाला. "लागला की पहिल्यांदा हेच विचारायचा... रुपाली, कुणाला बोलू नकोस. पेटीत काय होतं हे कळलं, तर माझी नोकरी जाईल."

दुसऱ्या दिवशी जोडणी झाली. चित्र स्वच्छ, आवाज खणखणीत. पण सात वाजायला आले की टीव्ही आपोआप बंद पडायचा.

मग खोकला... मग तीच हाक.

वास्तुशांत झाली. होम झाला, मी स्वतः पाठ केले. काही फरक पडला नाही.

शनिवारी गोजरबाई आल्या. रुपालीसाठी पिशवीत शेंगा आणल्या होत्या.

"पोरी, आलं का गं सामान?"

रुपालीची नजर खाली गेली. "नाही हो मावशी. बोट उशिरानं येतेय म्हणतात."

"येऊ दे सावकाश." त्या टीव्हीसमोर बसल्या. "केवढा मोठा गं! आमचा आसाराम म्हनायचा, आये, तुला भिंतीएवढा टीव्ही आनतो. मी म्हनायचे, येड्या, त्याच्या वजनानं भिंतच पडंल की आपली!"

त्या हसल्या. हसता हसता पदर डोळ्याला लावला.

"मला बाकी काय नको बघ. उशी तेवढी पायजे. मी शिवून दिल्ती, त्याला दुसऱ्या उशीवर झोपच लागत न्हवती. डोक्याचा वास असंल तिला अजून..."

रुपाली उठून आत गेली. ओट्याला धरून उभी राहिली.

सात वाजले.

आता येणार... ती कान देऊन होती. मनातल्या मनात म्हणत होती, येऊ दे. आईला ऐकू दे. मग मला काही सांगावं लागणार नाही.

टीव्ही बंद पडला.

पण आवाज नाही. खोकलाही नाही.

सव्वासातला गोजरबाई उठल्या. "बंदच पडला वाटतं तुमचा टीव्ही. येते गं, यष्टी चुकंल."

त्या जिना उतरल्या. शेवटच्या पायरीवर चपलांचा आवाज थांबला, आणि हॉलमधून...

"आये... आवाज येतोय का?"

रुपाली गॅलरीत धावली. गोजरबाई फाटकापाशीच होत्या. एक हाक मारली असती तर परत आल्या असत्या. पण मग विचारलं असतं, माझं लेकरू ह्यात कसं? हे आलं कशातून? आणि माझी उशी कुठाय?

ती गजाला धरून उभी राहिली. गोजरबाई रिक्षात बसून गेल्या.

पुढं अजिनाथनं तो टीव्ही काढून विकायला लावला. ज्यांनी नेला त्यांच्याकडं तो बिनतक्रार चालतो. इकडं भिंतीवर चार भोकं राहिली आहेत.

आवाज मात्र भिंतीतून येतो.

गोजरबाई अजून येतात, दर दोन-तीन महिन्यांनी. त्या बसलेल्या असताना एकदाही काही झालेलं नाही. बोट अजून लागली नाही, असंच त्यांना सांगितलं जातं. त्या मान डोलावतात.

मागच्या शनिवारी मी तिथं होते. त्यांनी चहा घेतला, माझ्या उपासाची चौकशी केली आणि जिना उतरल्या.

"आये... मी दिसतोय का?"

मी माझ्या कानांनी ऐकलं. गॅलरीत गेले. खाली गोजरबाई रिक्षाची वाट बघत होत्या. का कोण जाणे, त्यांनी मान वर करून पाहिलं.

"काय गं, हाक मारली का?"

मी नाही म्हणाले.