मरू शकणारं शेवटचं झाड

किन्नौरच्या देवदारवनात गेल्या एका पिढीत एकही झाड उभ्याउभ्या मेलं नव्हतं. वादळात उन्मळून पडलेली खोडंसुद्धा कालच पडल्यासारखी घट्ट होती. ही करणी अकुज लशीची. अकुज म्हणजे जे कुजत नाही ते. लाकूड कुजलं की त्यातला कार्बन हवेत जातो आणि हवा तापते. म्हणून झाडंच अशी करून टाकली की त्यांना बुरशी लागू नये, कीड लागू नये. लस शोधणाऱ्या डॉ. रोहिणी तेरवणकरांचा जगभर उदो उदो झाला.

पण करायला गेल्या गणपती आणि झाला मारुती! मेल्या लाकडावर जगणारे भुंगेरे उपाशी मेले. जुन्या खोडांची माती करणारे तेच होते, आणि देवदाराचं रोप रुजायचं त्याच मातीत. आता वनात कोवळं झाड औषधालाही उरलं नव्हतं. आणि या बाई वाढलेल्या कुठे, तर कोकणातल्या देवराईशेजारी, जिथे पडलेली काडीसुद्धा कुणी उचलत नाही! ती काडी देवाची, एवढं त्यांनी पाठ केलं. ती कुणाच्या पोटात जाते, हे काही विचारलं नाही. त्याची खंत आता त्यांना जाळत होती.

प्रयोगशाळेत जगवलेल्या भुंगेऱ्यांच्या शेवटच्या अळ्यांचा डबा घेऊन त्या सुरमणी नेगींकडे आल्या. सुरमणीदीदी गावदेवतेच्या राईची राखण करत. देवाच्या झाडाला सुई टोचायची नाही, म्हणून गावाने देवतेचं ठाण असलेला राईतला एक जुना देवदार तेवढा लशीपासून राखला होता. रोहिणीबाईंनी तोच मागितला. बुंध्याभोवतीची साल सोलून त्याला उभ्याउभ्या वाळवायचं, म्हणजे अळ्यांना घर मिळेल.

दीदींनी मिठाचा चहा पुढे केला आणि विचारलं, किती वर्षं पुरेल. वीसेक, रोहिणीबाई म्हणाल्या. त्याच्या बियांची रोपं त्याच्याच मातीत वाढतील, पण म्हातारी होऊन मरायला त्यांना काही शतकं लागतील.

"मग मधल्या काळात भुंगेरे काय खातील?"

"माहीत नाही, दीदी."



"तुम्ही आमच्या वनातलं मरण नेलंत," सुरमणीदीदी म्हणाल्या. "आता उरलेलं एक मागताय, आणि तेही पुरणार नाही."

मग त्यांनी आतून कुऱ्हाड आणून दिली. घाव मात्र तुम्हीच घाला, म्हणाल्या. हे पाप गावात कुणी घेणार नाही. रोहिणीबाईंना रडू कोसळलं. रडतच त्या राईकडे चालू लागल्या.