सोळा चौऱ्याण्णव

थंडीत पहाटेची हवा जड असते, इंजिनाला दम भरून मिळतो, म्हणून आदेश सहाच्या ठोक्याला गाडी काढायचा. अवसरी बुद्रुकच्या माळावर बायपासचा एक तुकडा अर्धवट पडून होता. सरळसोट, डांबरी, माणूस ना काणूस. त्यावर त्याने चारशे मीटर मोजून चुन्याच्या दोन रेघा मारल्या होत्या आणि दोन्हींवर सेन्सर बसवले होते. गाडीने पहिली रेघ सोडली की घड्याळ सुरू, दुसरी ओलांडली की आकडा पडायचा.

तो वहीत लिहायचं काम हर्षालीचं. आठ महिन्यांच्या समर्थला शालीत छातीशी बांधून ती शेवटच्या रेघेशी उभी राहायची. तिनं फोनवर "सोडा" म्हटलं की पलीकडून आदेश गाडी सोडायचा. पुढच्या महिन्यातल्या शर्यतीत नाव लागायला सतरा सेकंदांच्या आत यावं लागणार होतं. "तेवढं आलो की बास. पुन्ना पळवणार न्हाई," असं आदेशनं बाळाच्या टाळूवर हात ठेवून कबूल केलं होतं. म्हणून तीही मन लावून लिहायची. तिला हे एकदाचं संपायला हवं होतं.

स्टेपनी काढली, मागचं सीट काढलं, सतरा ऐंशी. पुढच्या चाकांतली हवा थोडी उतरवली, सतरा बेचाळीस.

त्या दिवशी घड्याळावर दोन आकडे आले. धुक्यातून गाडीचा नुसता आवाज येत होता, तोवरच पहिला पडला. सोळा चौऱ्याण्णव. मग गाडी आली आणि दुसरा पडला.

"कुत्रं गेलं आसंल आडवं," आदेश म्हणाला.

तीन दिवसांनी हर्षालीनं वही त्याच्यापुढं धरली. "कुत्रं रोज त्याच सेकंदाला जातं व्हय?"

त्यानं वही मिटून बॉनेट उघडलं. गाडी सुधारत होती. नवे प्लग टाकले, सतरा एकवीस. इंजिनाचं टायमिंग पुढं घेतलं, सतरा शून्य सहा. आधी पडणारा तो आकडा मात्र हलत नव्हता.

"धुक्यात म्होरं फट पडत जाती," एकदा जेवताना तो म्हणाला. घास हातातच राहिला होता. "तिच्यातनंच जातो मी."

सासरे भिमाजी पलीकडं बसले होते. उमेदीत ते बैलगाड्यांच्या शर्यतीत, घाटाच्या धावपट्टीवर, बैलांपुढं घोडी पळवायचे. पुढं घोडी दिसली की बैल जीव तोडून धावतात.

"म्होरं कोन धरलंय रं?" त्यांनी विचारलं.

"कोन न्हाई, आबा. पन हाय कायतरी. लई कामाचं हाय."

आबांचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला. "घोडीवाला घाटाच्या शेवटाला बाजूला निघतो. मंग बैल थांबत्यात. ह्यो निघतो का?"

"गाडा न्हाई आबा ह्यो. ब्रेक हाय ह्याला," आदेश हसला.

"उद्या नका जाऊ," हर्षाली म्हणाली.

"शेवटची बारी, हर्षे. समर्थची आन."

सकाळी धुकं इतकं दाट की पायाखालची रेघ दिसेना. समर्थ जागा होता, धुक्याकडं टक लावून. फोनवर आदेशचा आवाज आला. "सोड म्हन."

तिची जीभ रेटेना.

"म्हन की!"

"सोडा."

इंजिन ओरडलं. आवाज वाढत वाढत अंगावर आला.

घड्याळावर आज एकच आकडा पडला.

सोळा चौऱ्याण्णव.

तिच्या शेजारून काहीतरी हवा चिरत गेलं. शालीचं टोक उडालं. ब्रेकचे लाल दिवे लागलेच नाहीत. आवाज लांब गेला, आणि मध्येच कापल्यासारखा थांबला.

बाळाचं डोकं सावरत ती धावली.

रस्ता संपतो तिथं मातीचा ढीग होता. त्याच्या हातभर अलीकडं गाडी सरळ उभी होती. ओरखडाही नाही. काच खाली केलेली. आत आदेश, पट्टा लावून, दोन्ही हात स्टिअरिंगवर.

तिच्या जिवात जीव आला. धाप लागली म्हणून तिनं बॉनेटवर हात टेकला.

बॉनेट गारढोण होतं. त्यावर दव साचलं होतं, आणि त्या दवात तिच्या पंज्याचा तेवढा एक ठसा उमटला. पुढची काचही दवानं पांढरी पडली होती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. कुठं पुसल्याची खूण नाही, जशी गाडी रात्रभर हललीच नव्हती.

"आवो..."

त्यानं मान वळवली नाही. त्या पांढऱ्या काचेकडं बघत, हलकेच गिअर टाकत तो म्हणाला,

"सोड म्हन की, हर्षे. कवाची वाट बघतोय."